कार्बोरेटर साफ केला की बुलेट चार दिवस चालते, मग पुन्हा तेच: दोष नेमका कुठे शोधायचा

जुनी बुलेट उभी करायला घेतलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. कार्बोरेटर साफ केला की गाडी चार दिवस झकास चालते. मग स्लो धरत नाही, चढाला मिस मारते, सिग्नलला बंद पडते. पुन्हा कार्बोरेटर खोलायचा, हवा मारायची, बसवायचा, की आणखी चार दिवस. वर्षवर्ष असं चाललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तोवर पितळी जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बारीक भोकाच्या स्क्रूच्या) खाचा गोल झालेल्या असतात, कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या स्क्रूंची डोकी गेलेली असतात आणि मालक वैतागून नवा कार्बोरेटर टाकायला निघालेला असतो. नवा टाकला तरी महिन्याभरात गाडी पहिल्या जागी येते.

साफसफाईनंतर परत येणारा दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये जन्मलेलाच नसतो. टाकीतून कचरा येत असतो, किंवा सांध्यातून फुकटची हवा आत शिरत असते, किंवा बिघाड ठिणगीचा असतो आणि दोष कार्बोरेटरच्या माथी बसतो. ठिणगी खराब असताना कार्बोरेटर साफ करून गाडी कशी काय सुधारते, असं कुणी विचारेल. कार्बोरेटर खोलून, धुऊन, बसवेपर्यंत तास-दीड तास जातो. तेवढ्यात इंजिन आणि कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला, तापला की दगा देणारा छोटा भाग) दोन्ही थंड होतात. गाडी पहिल्या किकला चालू होते आणि श्रेय कार्ब क्लीनरच्या डब्याला मिळतं.

मी इथे कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट ३५० बद्दल लिहितोय. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, पॉइंट (उघड-मीट होऊन ठिणगी पाडणारा स्विच) आणि कंडेन्सर असलेली. १९५५ मध्ये मद्रासला या गाडीची जुळणी सुरू झाली आणि पुढची कितीतरी दशकं इंजिनाचा मूळ आराखडा तसाच राहिला. जुन्या गाड्यांवर अमलचा मोनोब्लॉक कार्बोरेटर सापडतो, नंतरच्या गाड्यांवर मिकुनीच्या धर्तीचा मिककार्ब व्हीएम २४. दोन्हींचं अंतरंग वेगळं असलं तरी दोष शोधायची रीत एकच आहे. येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० वाल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. टू-स्ट्रोकला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी रचना) नसतात आणि सांध्यातून हवा शिरली तर पिस्टन जाम होण्याचा धोका जास्त असतो, एवढं मात्र त्यांनी ध्यानात ठेवावं.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी ठिणगी

गाडी रस्त्यात बंद पडली की पहिल्या दोन मिनिटांत खरं निदान होतं. नंतर पुरावा उडून जातो. म्हणून प्लगचा पाना कायम गाडीवर ठेवा. बंद पडल्या पडल्या, उगाच किका न मारता, प्लग काढा आणि बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. ओला असेल तर पेट्रोल पोचलंय पण जळलेलं नाही. म्हणजे ठिणगी गेलीय किंवा पेट्रोल फाजील येतंय. या एका तपासणीनं अर्धं काम संपतं. तरीही ती फारच थोडे लोक करतात, कारण गरम प्लगला हात लावायचा कंटाळा असतो. जाड फडकं जवळ ठेवा.

कंडेन्सर मरायला टेकला की त्याची खूण ठरलेली असते. थंड गाडी उत्तम चालते, दहा-पंधरा किलोमीटरवर मिस मारू लागते, मग बंद पडते, आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा चालू होते. पॉइंटचं झाकण काढून अंधारात बघितलं तर पॉइंटच्या तोंडाशी मोठ्या, निळसर ठिणग्या उडताना दिसतात आणि पॉइंटचे पृष्ठभाग जळून काळे किंवा खड्डे पडलेले असतात. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा, ती फीलर गेजनेच मोजा. ब्लेडने किंवा व्हिजिटिंग कार्डाने गॅप लावणं रस्त्यात अडल्यावर ठीक, प्रोजेक्ट उभा करताना नाही. नवा कंडेन्सर टाकताना जुना, चालू स्थितीतला मिळाला तर तो सांभाळून ठेवा. बाजारातल्या नव्या कंडेन्सरांचा दर्जा इतका खाली-वर असतो की डबा फोडल्या फोडल्या खराब निघालेले मी हातात घेतले आहेत.

बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये बॅटरी आणि अर्थिंगही तपासा. रंगरंगोटी केलेल्या प्रोजेक्टमध्ये हा दोष फार सापडतो. फ्रेमला पावडर कोटिंग केलं, इंजिनाच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर आला, अर्थिंग अर्धवट राहिलं, आणि गाडी हँडल वळवलं की मिस मारते.

टॅपेटही याच टप्प्यावर बघून घ्या. या इंजिनात थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे) बोटांनी सहज फिरायला हवेत, पण वर-खाली खेळ नको. इनटेकचा पुशरॉड घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फसफस उलटी हवा येते. ती ऐकून लोक जेट बदलायला धावतात.

टाकीपासून खाली

आता पेट्रोलची वाट धरा. झाकणापासून सुरुवात करा, कारण तिथला दोष सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. रंग, पॉलिशचं मेण किंवा माती बसून ते बुजलं की पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि धार आटते. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते. अगदी कंडेन्सरसारखंच लक्षण. फरक प्लगमध्ये: झाकणाचा दोष असेल तर प्लग कोरडा. शिवाय झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज येतो आणि लगेच गाडी चालू होते. रबराचं नवं वॉशर जाड मिळालं आणि त्यानं भोक झाकलं, हेही पुष्कळदा घडतं.

माझ्या मामेभावानं कोकणातल्या पडवीत उभी असलेली एक बुलेट बाहेर काढली होती. दोन मिस्त्र्यांनी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा साफ केला होता, मुख्य जेटही बदलून झाला होता. गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत यायची आणि चढाला लागली की मान टाकायची. झाकण सैल ठेवून चालवून बघितली तर सबंध घाट चढली. पण गोष्ट तिथे संपली नाही. झाकणाचं भोक मोकळं केल्यावर आठवड्यानं गाडीचं स्लो गेलं. पायलट जेटमध्ये, म्हणजे स्लोचं पेट्रोल सोडणाऱ्या जेटमध्ये, तांबूस भुकटी होती. टाकीत टॉर्च मारला, तर तळाला गंजाची साय. एकाच गाडीत दोन दोष एकमेकांआड लपलेले असू शकतात. म्हणून एक सापडला की तपासणी थांबवू नका.

धारेची परीक्षा अशी घ्या. कार्बोरेटरकडची नळी काढा, स्वच्छ काचेच्या बाटलीत सोडा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) उघडा. झाकण बंदच असू द्या. धार सरळ, अखंड आणि काही मिनिटं तशीच राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग आटत गेली तर झाकण. पहिल्यापासूनच बारीक असेल तर कॉक किंवा नळीतला फिल्टर. मग तीच परीक्षा रिझर्व्हवर घ्या. बाटली रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी तळ बघा: लाल गाळ म्हणजे गंज, तळाशी वेगळा गोळा किंवा थर म्हणजे पाणी. हे सगळं मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, आसपास विडी-सिगारेट किंवा देवघरातली समई नसताना करायचं. जुन्या वाड्यांच्या बंद शेडमध्ये पेट्रोल ओतताना फार जपायला हवं; त्याची वाफ जमिनीलगत पसरते.

नळीत लावलेल्या फिल्टरबद्दल दोन शब्द. चारचाकीच्या पंपासाठी बनवलेला कागदी फिल्टर बुलेटला लावू नका. इथे पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनानं खाली येतं, कागदातून ते नीट झिरपत नाही, आणि फिल्टर आडवा बसला की त्यात हवेचा फुगा अडकतो. जाळीचा, पारदर्शक फिल्टर घ्या आणि नळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरती ठेवा. मध्ये कुठे वर चढून खाली आली तर तिथे हवा अडकते.

टाकीतला गंज काढायचं काम मन लावून करायचं आहे, कारण खरं निवारण इथेच आहे. टाकी गाडीवरून उतरवा, पेट्रोल काढा, कॉक काढून भोक बुचानं बंद करा, साबणाच्या गरम पाण्यानं आतून इतकी धुवा की पेट्रोलचा वास जाईल. मग किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व गरम पाण्यात पाच ते दहा टक्के विरघळवा, टाकी गळ्यापर्यंत भरा आणि एक-दोन दिवस ठेवा. गंज फार जुना असेल तर आधी मूठभर नट किंवा सायकलच्या चेनचा तुकडा घालून टाकी घुसळा; चेनला दोरा बांधा म्हणजे ती बाहेर काढता येते. रंगावर लिंबूसत्त्वाचं पाणी सांडू देऊ नका. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हातानं ओढलेल्या असतात, आणि मूळ रेषा शाबूत असलेली टाकी आज सहज मिळत नाही. द्रावण ओतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारा, लगेच साध्या पाण्यानं धुवा, उन्हात आणि हेअर ड्रायरनं कोरडी करा. उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतं, म्हणून वाळल्या वाळल्या थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत घालून सगळीकडे फिरवा.

टाकीला आतून रेझिनचं कोटिंग करून देणारे बरेच आहेत. माझं मत स्पष्ट आहे: टाकीला भोकं पडलेली नसतील तर कोटिंग करू नका. नीट वाळलेल्या, तेलकटपणा गेलेल्या पत्र्यावर आणि इथेनॉल सोसणाऱ्या रेझिननं केलं तर ते टिकतं, पण बहुतेक ठिकाणी यातली एक तरी अट पाळली जात नाही. मग वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात, कॉकच्या जाळीवर येऊन बसतात, आणि ते काढणं गंज काढण्याहून अवघड जातं.

पंपावरचं पेट्रोल बदललंय

ज्या काळात ही गाडी आखली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ई-२० ची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभरातलं मिश्रण त्या पातळीला पोचलं. वारंवार येणाऱ्या कार्बोरेटरच्या तक्रारींत त्यामुळे तीन नव्या कारणांची भर पडली आहे.

पहिलं, इथेनॉल जुना थर सोडवतं. कितीएक वर्षं टाकीच्या भिंतींना चिकटून निवांत बसलेला राळेसारखा थर सुटतो आणि जेटमध्ये येतो. टाकी स्वच्छ केलेली असेल तर हा त्रास काही टाक्या भरून झाल्यावर संपतो. दुसरं, जुनं रबर आणि कॉर्क फुगतं किंवा चिवटपणा सोडतं. फ्लोटच्या (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईचं रबरी टोक, वाटीचं पॅकिंग, कॉकमधलं वॉशर, फ्लँजची (कार्बोरेटर हेडला जोडणाऱ्या सपाट कडेची) ओ-रिंग आणि नळी हे सगळं इथेनॉल चालेल अशा मालाचं घ्या. काळी, बाहेरून तडे गेलेली नळी आतून भुकटी सोडत असते आणि ती भुकटी फिल्टरच्या पुढे जन्म घेते, त्यामुळे कुठलाही फिल्टर तिला अडवू शकत नाही.

तिसरं कारण पाण्याचं. इथेनॉल हवेतली वाफ ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं, म्हणजे बरोबर कॉकच्या तोंडाशी. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी उघडली की आत पांढरी, खडूसारखी भुकटी दिसते. ती कार्बोरेटरच्या मिश्रधातूला लागलेली झीज आहे, गंज नाही. पावसाळ्यात गाडी चालवणार नसाल तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा, आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे वाटीतलं पेट्रोल संपेल. अर्धी भरलेली टाकी चार महिने ठेवणं सगळ्यात वाईट.

मिश्रणाचं गणितही बदलतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई-२० ला साधारण साडेतेरा पट. जेट तेच राहिले तर इंजिनाला मिश्रण विरळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) लागतं: गाडी जास्त तापते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, थंड असताना चोक लवकर सोडवत नाही. टाकी, हवा, ठिणगी सगळं बरोबर असूनही ही लक्षणं राहिली तर मुख्य आणि पायलट जेट एकेक पायरी मोठे टाकून बघा. आधी नाही.

फुकटची हवा

कार्बोरेटर आणि सिलिंडर हेडच्या मधून शिरणारी हवा मिश्रण बिघडवते आणि तिचा हिशेब कुठलाच जेट ठेवत नाही. खूण अशी: थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच उतरत नाही, इंजिन थोडा वेळ रेस धरून राहतं आणि मग एकदम पडतं. आज लावलेलं स्लो उद्या बदलतं.

फ्लँजवाल्या कार्बोरेटरमध्ये दोन नट जोर लावून आवळल्यानं फ्लँज मधून वाकते. हवा येते म्हणून आणखी आवळतात, ती आणखी वाकते. कार्बोरेटर काढून फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. फट दिसली तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात हलक्या हातानं घासत सपाट करा. नवी ओ-रिंग आणि उष्णता अडवणारं पॅकिंग टाका, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. रबराच्या जोडावर बसणारा कार्बोरेटर असेल तर ते रबर वाकवून आतल्या बाजूला तडे बघा. बाहेरून चांगलं दिसणारं रबर आतून फाटलेलं असतं.

तपासणीसाठी काही जण चालू गाडीवर कार्ब क्लीनर फवारतात. गरम इंजिन आणि पॉइंटच्या ठिणग्या शेजारी असताना मला ते पटत नाही. सांध्यावर ब्रशनं थोडं इंजिन ऑइल लावा. स्लो क्षणभर सुधारलं किंवा बदललं तर हवा तिथूनच येते.

थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडची झीजही याच सदरात. हिला बरेच मिस्त्री कार्बोरेटरचा पिस्टन म्हणतात. एअर फिल्टरच्या बाजूनं बोट घालून ती पुढे-मागे हलवा. टकटक वाजत असेल तर बाजूनं हवा जाते आणि स्लो कधीच स्थिर राहणार नाही. बहुतेक वेळा स्लाइडइतकंच बॉडीचं नळकांडंही झिजलेलं असतं, त्यामुळे नुसती नवी स्लाइड टाकून भागत नाही. अशा वेळी मात्र दुसरा कार्बोरेटर घेणं खरोखर योग्य आहे.

मग कार्बोरेटर

इथपर्यंतचं सगळं झाल्यावर कार्बोरेटर खोला. त्याआधी एक काम करा: थ्रॉटलच्या ग्रिपवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मग गाडी चालवून दोष कोणत्या खुणेवर येतो ते लिहून ठेवा. कार्बोरेटरचा प्रत्येक भाग थ्रॉटलच्या आपापल्या टापूत काम करतो. बंद ते आठवा हिस्सा पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या तळाचा तिरका काप. कापाचा आकडा मोठा तितकं मिश्रण विरळ. पाव ते पाऊण ही लांब सुई आणि तिचा जेट. त्यापुढे मुख्य जेट. वेगाचा किंवा गिअरचा याच्याशी संबंध नाही, फक्त थ्रॉटल किती उघडा आहे त्याचा आहे. स्लो धरत नाही म्हणून मुख्य जेट बदलणारे लोक चुकीच्या खोलीत दिवा शोधत असतात.

शहरात चालणारी बुलेट बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या थ्रॉटलवरच असते, त्यामुळे लांब सुई आणि सुईचा जेट सगळ्यात जास्त झिजतो. वर्षानुवर्षं सुई थरथरत जेटच्या भोकाला घासते आणि भोक लंबगोल होतं. गाडी मधल्या रेसमध्ये जड चालते, प्लग काळा पडतो, मायलेज उतरतं, आणि सुईची क्लिप वरच्या खाचेत नेऊनही फरक पडत नाही. सुई आणि तिचा जेट नेहमी जोडीनं बदला. क्लिप वर नेली की सुई खाली उतरते आणि मिश्रण विरळ होतं. क्लिप खाली आणली की मिश्रण श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी एकच खाच बदला आणि चालवून बघा.

पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं. तिथे सुई, पिन किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ खरवडलं गेलं की जेटवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. साध्या विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते, कारण ती पितळापेक्षा मऊ आहे. आणि नुसता जेट साफ करून भागत नाही. बॉडीतली त्याची वाटही मोकळी हवी. एअर स्क्रू आणि जेट काढून त्या वाटेत क्लीनर मारा, डोळ्यांना चष्मा लावून. स्लाइडच्या खाली, हेडच्या बाजूला असलेल्या अगदी बारीक भोकांतून धार बाहेर आली पाहिजे. ती आली नाही तर कितीही वेळा जेट धुवा, स्लो धरणार नाही. दर वेळी 'साफ केला' म्हणवणाऱ्या कार्बोरेटरमध्ये ही बारीक भोकं तशीच बुजलेली मला वारंवार सापडली आहेत.

जेट घेताना जुना बरोबर न्या आणि आकडा वाचून घ्या. पुण्यात नाना पेठेत नवे मिळतात, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशिबानं अमलचे मूळ जेटही हाती लागतात. नकली जेटवर आकडा एक आणि भोक भलतंच असतं. शंका आली तर दोन जेट उजेडाकडे धरून भिंगातून भोकांची तुलना करा.

ओव्हरफ्लोचा त्रास असेल तर फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. कोमट पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. फ्लोट चांगला असेल तर त्याच्या सुईचं टोक बघा. टोकाला चर पडला असेल तर सुई बसणार नाही, तिच्याबरोबर बैठकही बदला. साइड स्टँडवर उभी असतानाच गळत असेल आणि मेन स्टँडवर नाही, तर फ्लोटची पातळी थोडी वर आहे एवढाच दोष असतो. गळती होत असताना गाडी चालू करू नका. पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं, म्हणून जास्त दिवस ओव्हरफ्लो झालेल्या गाडीचं ऑइल हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर ते बदलूनच पुढे जा.

शेवटची जुळवणी

स्लो गरम इंजिनावरच लावायचं. पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, चोक पूर्ण बंद आहे याची खात्री करा, थ्रॉटलच्या केबलला थोडा खेळ ठेवा. एअर स्क्रू अलगद आत बसवा आणि दीड आटा बाहेर काढा. जोर लावून बसवला तर टोक आणि बैठक दोन्ही जातात. स्लाइडच्या स्क्रूनं रेस जरा वर ठेवा. आता एअर स्क्रू पाव पाव आटा आत-बाहेर करत इंजिन सगळ्यात गुळगुळीत आणि सगळ्यात वर कुठे चालतं ते ऐका. तिथे थांबा, मग रेस उतरवा. या दोन्ही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवेचा आहे: आत गेला की मिश्रण श्रीमंत होतं. अर्ध्या आट्याच्या आतच सूर लागत असेल तर पायलट जेट लहान किंवा बुजलेला आहे, नाहीतर कुठून तरी हवा येतेय. अडीच आट्यांच्या पलीकडे लागत असेल तर जेट मोठा आहे.

मग प्लग वाचा. नवा प्लग लावून, ज्या थ्रॉटलचं बघायचंय त्या थ्रॉटलवर मोकळ्या रस्त्यानं थोडं अंतर जा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. स्लोवर घरापर्यंत आणून काढलेला प्लग फक्त स्लोची गोष्ट सांगतो. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत, खडूसारखा पांढरा म्हणजे विरळ. बिस्किटी रंगाची जुनी अपेक्षा आता थोडी सैल करा. इथेनॉलच्या पेट्रोलवर बरोबर मिश्रण असतानाही प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो.

मुंबईत लावलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३५० मीटर उंचीवर, जरा जड चालेल. हवा पातळ असल्यानं मिश्रण श्रीमंत होतं. दोन दिवसांच्या फेरीसाठी जेट बदलू नका, एअर स्क्रू पाव आटा बाहेर काढलात तरी स्लो सुधारतं. परतल्यावर तो जागेवर आणायचा.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर फ्लँजचे नट, सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे मिळतो तो सांधा आणि पॉइंटची गॅप पुन्हा तपासा. नवीन पॅकिंग थोडं बसतं, पॉइंटची नवी टाचही झिजते. वाटी एकदा खोलून तळ बोटानं पुसून बघा. बोट स्वच्छ निघालं तर टाकीचं काम नीट झालंय. तांबूस निघालं तर टाकी पुन्हा उतरवा, जेटना हात लावू नका.